हॅलोविनच्या आधी मुलांना टीव्हीवर काय दाखवावं?

प्रश्न: आम्ही या उन्हाळ्यात पुण्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. आमचा हा पहिलाच हॅलोविन. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ला, म्हणजे पोशाख करून दारोदार खाऊ मागायला, कसं जायचं ते मुलांना कळावं, म्हणून आधीच्या शनिवारी शेजारची तीन-चार मुलंही बोलवून टीव्हीवरचे हॅलोविनचे भाग दाखवायचा बेत आहे. पण गेल्या आठवड्यात मोठ्याच्या हट्टामुळे एका कार्टून मालिकेचा हॅलोविन भाग लावला आणि धाकटी रात्रभर झोपली नाही. मुखवटे पाहिले की ती आधीच घाबरते. मोठा म्हणतो, हे सगळं लहान मुलांचं आहे, मी येणार नाही. सासू-सासरे इथे आले आहेत. दारात येणाऱ्या मुलांना घरच्या करंज्या द्यायच्या असं सासूबाईंच्या मनात आहे, आणि सासऱ्यांना नातवंडांनी दारोदार मागत फिरणंच पटत नाही. काय दाखवू, कोणत्या क्रमाने, आणि कोणाला?

उत्तर: ताई, बेत चांगला आहे आणि तुम्ही तो वेळेवर आखला आहे. फक्त निवड करताना एक गोष्ट लक्षात घ्या. हॅलोविनचे म्हणून जे भाग टीव्हीवर लागतात, त्यांतल्या बहुतेकांत दारोदार जाणं जेमतेम असतं. तुम्ही मालिकेचं नाव लिहिलं नाहीत, पण मोठी मुलं बहुधा ‘द सिम्पसन्स’च्या ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’सारखं काहीतरी लावायला सांगतात. हे वार्षिक भाग २५ ऑक्टोबर १९९० पासून चालू आहेत. सहसा तीन सुट्या भयकथा असतात, माणसं कापली जातात, वितळतात, आणि ते विनोद म्हणून घ्यायचं असतं. बाराव्या वर्षी ते कळतं, सहाव्या वर्षी कळत नाही. मुलीचा दोष नाही आणि तिला ‘त्यात काय घाबरायचं’ असं म्हणू नका.

तुम्हाला हवेत ते वेगळे भाग. मुलं पिशवी घेऊन घराबाहेर पडतात, बेल वाजवतात आणि पुढे काय होतं, हे दाखवणारे. असे भाग थोडेच आहेत, पण त्यांतले चांगले फार चांगले आहेत, आणि त्यांचा विषय भीती हा नसतोच. दारात अपेक्षेप्रमाणे मिळालं नाही तर काय, आपला पोशाख फसला तर काय, दादा बरोबर यायला नाही म्हणाला तर काय, यावर ते उभे असतात. हॅलोविनच्या रात्री घरी रडत येणारी मुलंही भुताला घाबरून क्वचितच रडतात. पिशवी फाटली, पोशाख पायात आला, दुसऱ्याला मोठं चॉकलेट मिळालं, यावरून रडतात. त्यामुळे मुलांची तयारी करून घ्यायची ती या हिरमुसण्याची.

सुरुवात ‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन’ने करा. २७ ऑक्टोबर १९६६ रोजी सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर तो पहिल्यांदा लागला. चार्ल्स शुल्झ यांनी लिहिला, बिल मेलेंडेझ यांनी दिग्दर्शित केला, संगीत व्हिन्स ग्वाराल्डी यांचं. लांबी साधारण पंचवीस मिनिटं. २०२० पासून तो अ‍ॅपलच्या टीव्ही सेवेवर आहे आणि अलीकडे ऑक्टोबरात दोन-तीन दिवस वर्गणी न भरताही पाहता आला आहे. वर्गणी नसेल तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात डीव्हीडी मागा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर ती हाती लागणं कठीण, तेव्हा आजच नाव नोंदवा.

या भागात भूत नाही. एकाच वेळी दोन गोष्टी चालतात. लायनस हा मुलगा खेळणी वाटणारा ‘ग्रेट पम्पकिन’ येणार म्हणून रात्रभर भोपळ्याच्या शेतात बसतो आणि चार्ली ब्राउनची सॅली ही धाकटी बहीण लायनसपायी आपलं दारोदार जाणं सोडून त्याच्याजवळ थांबते. बाकीची मुलं खाऊ गोळा करत फिरतात. चार्ली ब्राउनने चादरीचं भूत केलंय, पण कात्री आवरली नाही, म्हणून चादरीला दोनाऐवजी डझनभर भोकं. प्रत्येक घराबाहेर आल्यावर मुलं आपापल्या पिशवीत बघून काय मिळालं ते सांगतात. कोणाला चॉकलेट, कोणाला गोळ्या, आणि चार्ली ब्राउनला दगड. पुढच्या घरी पुन्हा दगड. त्याच्या पुढच्याही घरी दगड. का, ते कोणी सांगत नाही, आणि कोणी त्याची समजूतही काढत नाही. हा भाग लागल्यावर देशभरातून मुलांनी चार्ली ब्राउनसाठी खाऊ पाठवला, असं तो करणाऱ्यांनी सांगितलेलं आहे. सहा वर्षांच्या मुलीलाही हा अन्याय लगेच कळतो.

इथे थांबवा आणि मुलांना विचारा: तुमच्या पिशवीत असं काही आलं तर काय कराल? मुलांनाच बोलू द्या. कोणी म्हणेल परत देईन, कोणी म्हणेल दुसऱ्याचा खाऊ घेईन. मग नियम ठरवा. मिळालं ते घ्यायचं, थँक यू म्हणायचं, तोंड वाकडं करायचं नाही, जे नको असेल ते घरी आल्यावर बदलून घ्यायचं. हा नियम हॅलोविनच्या दिवशी सांगितला तर कोणी ऐकत नाही. आठवडाभर आधी चार्ली ब्राउनचे दगड पाहून सांगितला तर लक्षात राहतो.

मुखवट्याच्या भीतीसाठीही हाच भाग उपयोगी आहे. त्यात लायनसची मोठी बहीण लूसी चेटकिणीचा हिरवा मुखवटा आपल्या देखत तोंडावर चढवते. आधी ओळखीचा चेहरा, मग मुखवटा, आणि आवाज तोच. मुलीला हा क्षण दोन-तीनदा दाखवा. पुढे पिग-पेन नावाचा सदा मळलेला मुलगा चादरीखाली असतानाही अंगाभोवतीच्या धुळीने ओळखू येतो. यावरून खेळ करा. घरातल्या प्रत्येकाने चादर डोक्यावरून घेऊन फक्त एक शब्द बोलायचा किंवा चार पावलं चालायचं, आणि मुलीने ओळखायचं कोण आहे. लहान मुलांच्या भीतीचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं की आतला माणूस बदलला तर नाही ना. चादर काढून घ्यायचं काम तिच्याच हातात द्या. दुसऱ्याने एकदम झटक्यात काढली तर ती आणखी बिचकेल.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवते. या भागात मुलं एकमेकांना सर्रास मठ्ठ, मूर्ख म्हणतात. शिव्या नाहीत, पण शब्द घरी परत येतील. आणि मधली काही मिनिटं चार्ली ब्राउनचा कुत्रा स्नूपी पहिल्या महायुद्धातला वैमानिक होऊन शत्रूच्या हद्दीतून एकटा फिरतो. संवाद जवळजवळ नाहीत, रंग आणि संगीत अप्रतिम, पण सहा वर्षांची मुलं तिथे चुळबुळ करतात. लाह्या किंवा सफरचंदाच्या फोडी त्याच वेळी वाटा. शेवट मात्र चुकवू नका. पहाटे चार वाजता तीच भांडखोर लूसी उठते, शेतात जाऊन थंडीने कुडकुडणाऱ्या भावाला घरी आणते, त्याचे बूट काढते आणि त्याला अंथरुणात झोपवते. त्याआधी दारोदार फिरतानाही ती लाजत का होईना, भावासाठी जास्तीचा खाऊ मागते. तुमच्या बारा वर्षांच्या मुलाने हे दृश्य पाहिलेलं मला हवं आहे. म्हणून तो ‘हे बारक्यांचं’ म्हणून खोलीत जात असेल, तर प्रोजेक्टर किंवा स्पीकर लावायचं काम त्याच्याकडे द्या.

‘ट्रिक’ म्हणजे नेमकं काय, असं मुलं विचारतीलच. त्यासाठी डिस्नेचं १९५२ सालचं ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे आठ मिनिटांचं डोनाल्ड डकचं कार्टून लावा. मुळात ते चित्रपटगृहासाठी होतं, पुढे टीव्हीवर वर्षानुवर्षं लागत राहिलं. डोनाल्ड पुतण्यांच्या पिशव्यांत खाऊऐवजी फटाके टाकतो आणि वर डोक्यावर पाणी ओततो, मग एक चेटकीण मुलांची बाजू घेऊन त्याची खोड मोडते. खाऊ नाही दिलात तर खोडी काढू, ही जुनी धमकी एवढ्या सरळ दुसरीकडे कुठे दिसत नाही. पाहून झाल्यावर मुलांना स्पष्ट सांगा की आता कोणी खोडी काढत नाही. अंडी फेकणं आणि झाडांवर टॉयलेट पेपर गुंडाळणं हे मोठ्या मुलांचे उद्योग आहेत आणि त्यावर पोलिसांकडे तक्रार जाऊ शकते.

गार्फिल्ड या कार्टून बोक्याचा भाग कोणीतरी सुचवेल. १९८५चा ‘गार्फिल्ड्स हॅलोविन अ‍ॅडव्हेंचर’. पहिला अर्धा भाग दारोदार फिरण्याचा आणि झकास आहे. ओडी या कुत्र्याला बरोबर नेलं तर खाऊ दुप्पट मिळेल, असा गार्फिल्डचा हिशोब, आणि ओडीला त्यातली एकच गोळी द्यायचा विचार. पण दोघं नावेत बसले की सूर पालटतो. वल्ही नदीत जातात, नाव वाहत एका पडक्या घरापाशी लागते, आत खुर्चीत एक म्हातारा बसलेला, आणि मध्यरात्री समुद्री चाच्यांची भुतं खरोखरच येतात. कार्टून म्हणून पालक निर्धास्त असतात आणि मुलं तिथेच घाबरतात. तुमच्या लेकीला या वर्षी हा दाखवू नका. दुसऱ्या कोणाच्या घरी लागलाच तर नदी दिसल्यावर बंद करा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मात्र पूर्ण दाखवा, कारण शेवटी गार्फिल्ड ओडीचा वाटा त्याला देतो आणि ते ऐकण्यापेक्षा पाहण्यासारखं आहे.

आता मोठ्याकडे वळू. ‘मी आता मोठा झालोय’ हा त्याचा मुद्दा खराच आहे, आणि इथल्या मुलांनाही तो प्रश्न याच वयात पडतो. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात दारोदार जायला बारा वर्षांची मर्यादाच होती, २०१९ मध्ये ती चौदा केली. तुमच्या गावाचे नियम आणि वेळा नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, पण सर्वसाधारणपणे बारा वर्षांचा मुलगा नीट पोशाख करून धाकट्या बहिणीबरोबर आला तर कोणी कपाळाला आठी घालत नाही. पोशाख न करता पिशवी पुढे करणारी मोठी मुलं लोकांना खटकतात.

त्याच्यासाठी ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’चा २०१२चा ‘समरवीन’ हा भाग घ्या. बावीस-तेवीस मिनिटांचा. डिपर आणि मेबल ही त्याच्याच वयाची जुळी भावंडं. दोघांनी जोडीचा पोशाख करून दरवर्षी एकत्र जायचं असा रिवाज, आणि यंदा डिपरला मोठ्या मुलांच्या पार्टीला जायचंय म्हणून तो आजारी असल्याचं सोंग करतो. दारात आलेल्या एका मोठ्या मुखवटेवाल्याला तो उद्धटपणे हाकलतो आणि मग शिक्षा म्हणून सगळ्यांना एका रात्रीत पाचशे खाऊ गोळा करावे लागतात, शेवटचा कंदील विझायच्या आत. या भागाचं रहस्य इथे फोडायला हवं, कारण तुम्हाला ते माहीत असणं गरजेचं आहे: तो राक्षस नावडत्या, फेकून दिलेल्या गोळ्यांचा बनलेला असतो. आपल्याला कोणीतरी आवडीने खावं एवढंच त्याला हवं असतं. सुरुवातीला तो एका मुलाला गिळतो. तो मुलगा शेवटी सुखरूप बाहेर येतो, पण धाकटीला तेवढा धीर धरवणार नाही. म्हणून हा भाग लागेल तेव्हा तिला दुसऱ्या खोलीत आजीबरोबर भोपळा रंगवायला बसवा. भाग संपल्यावर मोठ्याला व्याख्यान देऊ नका. त्याला फक्त विचारा, बहिणीच्या गटाचा म्होरक्या होशील का. टॉर्च त्याच्याकडे, कोणत्या घरी जायचं ते तो ठरवणार, घरी परतायची वेळ पाळायची जबाबदारी त्याची. या वयातल्या मुलाला बरोबर न्यायचं असेल तर त्याला काम लागतं.

त्याला एवढ्यावर समाधान नसेल तर ‘बॉब्ज बर्गर्स’चा २०१२चा ‘फुल बार्स’ आहे. आपल्या भागात बारकी चॉकलेटं मिळतात म्हणून तीन भावंडं बोटीने श्रीमंतांच्या बेटावर जातात, जिथे दारात अख्खी मोठी चॉकलेटं वाटतात. विनोद प्रौढ आहेत, म्हणून शेजारी बसून पाहा. न्यू जर्सीत हा प्रश्न खराखुरा येतो: मुलं गाडीतून पलीकडच्या मोठ्या घरांच्या वस्तीत न्यायचा आग्रह धरतात. पहिल्या वर्षी जाऊ नका. आपल्याच गल्लीत फिरलात तर पंचवीस शेजाऱ्यांची ओळख होते, आणि नव्याने आलेल्या कुटुंबाला ती जास्त मोलाची आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या दुसऱ्या हंगामातला हॅलोविनचा भागही तो मागेल. त्यात १९८४ सालची मुलं पोशाख करून शाळेत जातात आणि बाकी कोणीच पोशाख केलेला नसतो, हा प्रसंग सुंदर आहे. पण पुढचं बरंच काही बाराव्या वर्षासाठी नाही, आणि आधीचा हंगाम पाहिल्याशिवाय कळतही नाही. आणखी दोन वर्षांनी.

सासूबाईंच्या करंज्यांचा प्रश्न नाजूक आहे. मुलं झोपल्यावर त्यांना ‘फ्रीक्स अँड गीक्स’चा तिसरा भाग, ‘ट्रिक्स अँड ट्रीट्स’, दाखवा. ३० ऑक्टोबर १९९९ रोजी तो लागला, कथा १९८० सालच्या मिशिगनमधली. घरातली आई हौसेने बिस्किटं भाजते आणि दारात आलेल्या मुलांना देते. पालक ती घेऊ देत नाहीत, कारण उघडा, घरचा खाऊ अनोळखी घरातून घ्यायचा नाही अशी तेव्हाच भीती पसरलेली. त्या बाईंचा चेहरा पाहिला की सासूबाईंना तुमचं म्हणणं वेगळं समजवावं लागणार नाही, आणि आपल्यालाच नाकारलं असंही वाटणार नाही. खरं तर ही भीती अवाजवी आहे. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८पासूनच्या बातम्या तपासल्या, तेव्हा अनोळखी माणसाने दारोदार येणाऱ्या मुलाला खाऊतून विष देऊन मारल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. तरीही रिवाज पडला तो पडला. दारात कारखान्यातून बंद वेष्टनात आलेलाच खाऊ द्या. करंज्या ओळखीच्या शेजाऱ्यांकडे दुसऱ्या दिवशी डब्यातून पाठवा, आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहून. खोबरं, काजू, बदाम, गव्हाचं पीठ, तूप, सगळं लिहा, कारण ॲलर्जी असलेल्या मुलांच्या घरात हे वाचूनच डबा उघडतात. दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दिसला तर त्या घरी खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर असं काहीतरी ॲलर्जीच्या मुलांसाठी ठेवलेलं असतं. २०१४ पासून ही खूण देशभर पसरली आहे. आजींना दारात बसून स्टिकर वाटायला आवडेल, तेव्हा तुम्हीही एक भोपळा तसा रंगवा. धाकटी तेच रंगवायला बसेल.

खाऊ किती आणायचा, ते टीव्ही पाहून ठरवू नका. ‘फ्रेंड्स’मध्ये रेचेल कौतुक करणाऱ्या मुलीला मूठमूठ वाटते आणि मग खाऊ संपून पैसे द्यायची पाळी येते. शेजाऱ्यांना विचारा गेल्या वर्षी किती मुलं आली, त्याच्या दीडपट नग आणा, एका मुलाला एक. सातनंतर वाडग्यात बरेच उरलेले दिसले तर दोन-दोन द्या. तुम्ही शाकाहारी असाल तर विकत घेताना आणि मुलांनी आणलेलं निवडताना त्यात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन आहे का ते पाहा. मार्शमॅलो, गमी आणि कँडी कॉर्नमध्ये ते बहुधा असतं. मुलांना आधीच सांगा की असे नग आई बदलून देणार, एकाच्या बदल्यात दोन. चार्ली ब्राउननंतर जो नियम ठरवलात त्यातच हे बसवा.

सासऱ्यांना टीव्हीपेक्षा गप्पांनी पटेल. ते कोकणातले असतील किंवा शिमगा पाहिलेला असेल, तर सोंगं घेऊन घरोघर पोस्त मागणारी पोरं त्यांना आठवतील. तीच जात. घर ओळखीचं, दिवस ठरलेला, मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांना मजा. इथेही दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर होती, १९४७ मध्ये ते उठलं आणि पुढच्या काही वर्षांत हा प्रकार देशभर घट्ट झाला. १९५० मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांत युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठी नाणी गोळा केली, सतरा डॉलर जमले, आणि ती प्रथा अजून चालू आहे. ‘बिविच्ड’ या जुन्या मालिकेचा १९६९चा हॅलोविन भाग याच निधीभोवती आहे. आजोबांना मुलांच्या बरोबर एक डबा घेऊन जायचं सुचवा. मागण्याबद्दलचा त्यांचा आक्षेप त्याने बराच सैल होईल. ‘फ्रेश ऑफ द बोट’चा २०१५चा ‘मिरॅकल ऑन डेड स्ट्रीट’ही त्यांना दाखवा. तैवानहून आलेल्या कुटुंबातले वडील उपनगरातल्या हॅलोविनची स्वप्नं रंगवत असतात आणि कळतं की आपल्या गल्लीत कोणी मूल येतच नाही. बाहेरून आलेल्या माणसाला दारात कोणीतरी यावंसं का वाटतं, ते त्यात नीट दिसतं.

आता शनिवारची संध्याकाळ. साडेचारला डोनाल्ड, आठ मिनिटं. लगेच चार्ली ब्राउन, मध्ये थांबवून बोलण्यासह चाळीस मिनिटं धरा. मग टीव्ही बंद करून घराच्याच दारात तालीम. एका मुलाने आत राहायचं, बाकीच्यांनी बाहेरून बेल वाजवायची, एकदाच. दार उघडेपर्यंत मनात वीस मोजायचे. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणायचं, पिशवी उघडी धरायची, वाडगा पुढे आला तर एक नग घ्यायचा, थँक यू म्हणून पायऱ्यांवरून बाजूला व्हायचं म्हणजे मागच्यांना वाट मिळते. दिवा बंद असलेल्या घरी जायचं नाही. बाहेर वाडगा ठेवून आत कोणी नसेल तरी एकच. प्रत्येक मुलाने दोन्ही बाजूंनी करून पाहावं, देणाऱ्याच्याही. वीस मिनिटांत होतं. त्यानंतर धाकटी मंडळी भोपळे रंगवतील, मोठी ‘समरवीन’ पाहतील, आणि सातला जेवण. रात्री झोपायच्या आधी लगेच यातलं काहीही लावू नका.

पिशवीसाठी प्लॅस्टिकचा भोपळा घेऊ नका. तो अर्ध्या तासात भरतो आणि कडी बोटांना काचते. जुना उशीचा अभ्रा उत्तम, तोंड घडी घालून शिवलं तर पकड येते.

आणि लेकीसाठी चादरीचं भूतच करा, पण चार्ली ब्राउनची चूक टाळून. डोळ्यांची दोन भोकं हा बेतच फसवा आहे. मुलाने मान वळवली की चादर तिथेच राहते, भोकं गालावर जातात आणि रस्ता ओलांडताना बाजूने येणारी गाडी दिसत नाही. त्याऐवजी अख्खा चेहरा उघडा ठेवा. तिला जाकीट आणि बूट घालून उभं करा, कारण ऑक्टोबरअखेर संध्याकाळी गारठा असतो आणि जाकिटावरून चादर आखडली तर वर सरकते. डोक्यावर जुनी मऊ टोपी घाला, पुढची झापड कापून टाकलेली. चादरीचा मध्य टाळूवर ठेवा, बाहेरून चाचपून कपाळ आणि हनुवटी खडूने खुणा करा, चादर काढून मगच कात्री चालवा. टोपी चादरीला आतून चार ठिकाणी टाके घालून पक्की करा, म्हणजे मान वळली की चादरही वळेल. खालची कड जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर वर कापा. हातांसाठी दोन्ही बाजूंना उभी फट ठेवा, नाहीतर बेल वाजवताना अख्खी चादर उचलली जाते. पाठीवर आणि खालच्या कडेला परावर्तक पट्टी चिकटवा, कारण ३१ ऑक्टोबरला तुमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खरी गर्दी त्यानंतर असते. चेहऱ्याला पांढरा रंग लावायचा असेल तर दोन दिवस आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. पुरळ आलं नाही तर लावा, आणि लावताना समोर आरसा धरा, म्हणजे आपलाच चेहरा बदलताना तिला दिसेल. तिने ‘पुरे’ म्हटलं की तिथेच थांबा, अर्धा गाल राहिला तरी.